खंडेनवमीचा पेचकस

विपुल : ...आणि फोनवर आहे म्हणून स्पष्ट सांगतो, ललिता. बारापर्यंत नाही झालं, तर मी इथं अंधेरीच्या हेड ऑफिसात बसून तिन्ही व्हॉल्यूम उडवणार. नवे बनवणार, बॅकअप टाकणार, विषय संपला.

ललिता : बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा आहे, विपुल सर. त्या आठ दिवसांत या राहनाळच्या गोदामात दिवाळीआधीचा सगळा माल उतरलाय. सव्वीसशे खोकी. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर, ते फक्त त्या व्हॉल्यूममध्ये आहे.

विपुल : मोजा परत. माणसं आहेत ना तिकडे.

भाऊ : सायेब, हेडक्लार्क बोलतो, भाऊ तरे. सव्वीसशे खोकी हायेत, सलाइनची आन् औषधांची, मोजायला चार दिस जातील. खाली सात गाड्या उभ्या हायेत. डायवर लोक सकाळपासून चहावर चहा मारतायत.

विपुल : म्हणूनच म्हणतो, लटकून राहण्यापेक्षा अर्धं मिळालेलं बरं. ललिता, सुट्टीवर जायच्या आधी काही सेटिंगला हात लावलेलास का? नीट आठव. तू परवा आणि काल नव्हतीस. तुझा तो नागपूरचा कार्यक्रम.

ललिता : धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबांना घेऊन गेले होते. निघताना सर्व्हरला तिन्ही व्हॉल्यूम दिसत होते, तसा मेलही आहे तुम्हाला.

विपुल : डेटाची पेटी वरच्या खोलीत, कुलपात. भाऊ, पेटीला कोणी हात लावला का मधल्या दिवसांत?

भाऊ : ...न्हाय. कोन लावील? चावी माझ्याकडं असते.

विपुल : मग उरलं कोण? बघ, मला ब्लेम करायचं नाही कोणाला. पण सर्व्हर तुझ्या चार्जमध्ये आहे. बारा म्हणजे बारा.

भाऊ : ठेवला फोन. लय तोंड हाय याला. वय काय आसंल त्याचं?

ललिता : असू दे, भाऊ. किती वाजले?

भाऊ : सव्वाअकरा. बाय, मला एकदा उमजंल असं सांग. बिघडलंय काय नेमकं?

ललिता : असं समजा, खालचा हा सर्व्हर म्हणजे कारकून. त्याच्याजवळ स्वतःचं कपाट नाही. कपाट म्हणजे वरच्या खोलीतली ती पेटी. त्यात तीन खण, सर म्हणतात ते व्हॉल्यूम. आवक, जावक आणि साठा. रोज सकाळी कारकून केबलवरून हाक मारतो, कपाट ओ देतं, आणि तिन्ही खण त्याच्यासमोर उघडतात.

भाऊ : आन् आज?

ललिता : आज कारकून हाका मारून थकला. कपाट बोलत नाही.

भाऊ : पन सायेब तर म्हनला, त्याला पेटी दिसते. तिन्ही खन दिसतात म्हनं.

ललिता : त्यांना दिसतात, कारण ते दुसऱ्या दारानं जातात. पेटीला एक दार ऑफिसच्या नेटवर्कचं आहे, नुसतं पेटीची तब्येत बघायला. मालाचं दार वेगळं, ते फक्त या सर्व्हरसाठी. सर म्हणतात, पेटी जिवंत, खण तिथं आहेत, तरी सर्व्हरला दिसत नाहीत, म्हणजे खणच नासले. आणि मी म्हणते, खण नासले नाहीत, वाट बंद आहे. नवे खण केले तरी त्याच बंद वाटेनं यायचेत. जुनेही जातील आणि नवेही दिसणार नाहीत.

भाऊ : मग त्याला सांगायचंस ना असं.

ललिता : दोनदा सांगितलं. ते म्हणाले, लिंक हिरवी आहे, केबल ओके, सर्व्हरमध्ये बघ. म्हणून दीड तास सर्व्हरमध्येच बघतेय. सर्व्हिस बंद करून चालू केली. पेटीकडं सर्व्हरचं जे नाव नोंदवलंय, तेच नाव इथं आहे का, अक्षर न् अक्षर जुळवलं. बरोबर आहे. पत्ता बरोबर आहे. पिंग केलं, म्हणजे साधी हाक मारली नुसती. दहा हाकांना एक ओ नाही.

भाऊ : आन् बारा वाजले तर?

ललिता : तर खण जातील. आणि खणांबरोबर सर्व्हरचा चार्ज परत अंधेरीला जाईल. तुम्हाला ठाऊक आहे तो कसा मिळालाय.

भाऊ : मला न्हाय तर कुनाला ठाऊक. एकोणीस वर्साची आलीस, बारकोड मारायला. हातात ते पिस्तूल आन् पायांत बापाच्या मापाच्या चपला.

ललिता : आईच्या होत्या.

भाऊ : आसतील. सहाला शिफ्ट सुटली की कामतघरची रिक्षा धरून तू क्लासला पळायचीस. लिनक्स का काय ते. मी म्हनायचो, ही पोर जेवते कवा? मग सर्व्हर आला तवा अंधेरीवाले म्हनले, भिवंडीत कोन सांभाळनार, मानूस वरून पाठवतो. मी म्हनलं, मानूस नको, आमची पोरगी हाय.

ललिता : आणि आज तुमची पोरगी बाराला हात वर करणार असं दिसतंय. भाऊ, मला सर्व्हरचं मागचं झाकण उघडून नेटवर्कचं कार्ड बघायचंय. माझा पेचकस कुठं दिसला का? लाल मुठीचा. सकाळपासून ड्रॉवर पालथा घातला.

भाऊ : पेचकस?

ललिता : बाबांचा आहे तो. मूठ फक्त मी नवी बसवलीय. जाताना ड्रॉवरमध्येच ठेवला होता.

भाऊ : दुसरा आनून देतो खालून. इलेक्ट्रिशियनकडं हाय.

ललिता : दुसरा नको, त्याचं टोक या स्क्रूला बरोबर बसतं. तुम्ही बघितलाय का तो?

भाऊ : ...माझ्या टेबलाच्या खनात हाय. थांब, आनतो.

ललिता : तुमच्या खणात कशाला?

भाऊ : आनतो म्हनलं ना. हा घे.

ललिता : भाऊ, याला कुंकू लागलंय.

भाऊ : हां.

ललिता : हळद पण. आणि हे काय, झेंडूची पाकळी चिकटलीय मुठीला.

भाऊ : खंडेनवमी होती ना परवा. हत्यारं पुजतात. आता या गोदामात हत्यार म्हनशील तर काय हाय? मी काय स्टेपलर पुजू? रबरी शिक्का पुजू? म्हनून तुझा घेतला. इचारायला तू नव्हतीस.

ललिता : पेचकसाचं काही नाही. पण भाऊ, खंडेनवमीला नुसता पेचकस पुजून थांबलात? तुमच्या वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात काय करायचे?

भाऊ : लूमा बंद करायचो. त्या दिवशी मशीन चालवत न्हायत. पुसून-बिसून, कुंकू लावून, हार घालून दिवसभर इसावा द्यायचा. दसऱ्याला नारळ फोडून मग चालू.

ललिता : इथलं मशीन कुठलं मग?

भाऊ : खालून चहा मागवू का तुला?

ललिता : भाऊ. पेटीला हात लावलात का?

भाऊ : बाय, मी शप्पथ सांगतो, काय वाकडं केलं न्हाय. नवमीला दुपारी जावक संपली, सगळे घरी गेले, तवा गेलो वर. तिच्यावर किती धूळ होती म्हाइताय? तुझं मशीन, आन् त्याच्यावर धूळ. बटन दाबून धरलं, दिवे इझले. मागच्या वायरी काढल्या, कोरड्या फडक्यानं पुसली. कुंकू लावलं, हार घातला. तुझा पेचकस पुढं ठेवला. काल दसरा, बंदच होतं. आज आठाला येऊन जशा होत्या तशा वायरी लावल्या, बटन दाबलं. हिरवा दिवा लागला. मी म्हनलं, झालं.

ललिता : चालू पेटी बटण दाबून बंद करत नाहीत, भाऊ. लिहिणाऱ्याच्या हाताखालून वही ओढल्यासारखं होतं ते.

भाऊ : मला काय ठावं.

ललिता : आणि विपुल सरांनी विचारलं तेव्हा?

भाऊ : तोंडातून न्हाय निघून गेलं. बत्तीस वर्सं झाली बाय इथं. भाऊ तऱ्याच्या हातून चूक झाली असं आजपतूर कुनी म्हनलं न्हाय. एकदा न्हाय म्हनलं की मग... आन् हिरवा दिवा होता ना. मला वाटलं, दिवा हाय म्हंजे माझ्यामुळं न्हाय.

ललिता : ते माझ्यावर घालत होते, भाऊ. तुम्ही इथंच उभे होतात.

भाऊ : व्हय. उभा होतो.

ललिता : चावी द्या.

भाऊ : रागावलीस?

ललिता : रागवायला वेळ नाही. चला वर, लॅपटॉप घेते. माझीही चूक झाली. बाबा काय सांगायचे? लूमवर सुताची तार तुटली की कापडाकडं बघत बसू नको. कापडावर नुसतं भोक दिसतं. सूत गुंडाळलेल्या बीमकडून सुरू कर आणि तारेवर हात फिरवत ये. मी दीड तास कापडाकडंच बघत बसले. बीम वर होता.

(वरची खोली. पेटी ठेवलेल्या कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज.)

भाऊ : हे बघ. हार काढलाय मी सकाळी, पाकळ्या तेवढ्या राहिल्या आसतील.

ललिता : चकचकीत केलीत की हो. टॉर्च धरा जरा मागून. इथं, खाली. ही करडी केबल ऑफिसची, ती बरोबर आहे. म्हणून सरांना पेटी दिसतेय. आणि ही निळी मालाची. तुम्ही ही कुठल्या भोकात लावलीत?

भाऊ : हीत. शेजारी-शेजारी दोन भोकं होती, जुळी भावंडं. एक रिकामं होतंच आधीपासून. हीत घातली, दिवा लागला.

ललिता : दिवा कुठल्याही भोकात लागतो, भाऊ. तार दोन्हीकडं जोडली गेलीय एवढंच तो सांगतो. पण पत्ता मी फक्त एक नंबरच्या दाराला दिलाय. ही दोन नंबरला लागलीय. कारकून एक नंबरच्या दारावर धडका मारतोय आणि तार शेजारच्या दारात.

भाऊ : एवढंच?

ललिता : एवढंच. काढते. एक नंबरला घालते. टक् आवाज आला?

भाऊ : आला.

ललिता : लॅपटॉप धरा. नाही, उलटा नाही, असा. आता सर्व्हरला सांगते, हाक मार. ...ओ आली.

भाऊ : आली?

ललिता : चारपैकी चार. आता खण मागते. थांबा. आवक दिसला. जावक दिसला.

भाऊ : साठा?

ललिता : नाही अजून.

भाऊ : बाय, साठ्यातच हाय ना सगळं? रॅक-बिक?

ललिता : त्यातच. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा त्यात काहीतरी लिहिणं चालू असणार. आता तो स्वतःला तपासतोय, पान न् पान. मध्ये बोलायचं नाही त्याच्याशी.

भाऊ : बारा वाजायला अकरा मिनटं.

ललिता : माहितीय.

भाऊ : नासला आसंल तर मी सायबाला सांगीन. नोकरी गेली तरी चालंल. तसंही मार्चमधी रिटायर.

ललिता : भाऊ, टॉर्च बंद करा. डोळ्यांत येतोय.

भाऊ : ललिते, एक सांगू? पेचकस मी उगाच न्हाय घेतला. आमच्या बापाच्या खात्यात चोवीस लूमा होत्या. जॉबर कोन? तुझा बाप. लूम बंद पडली की वाल्मीकला हाक. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चोवीस लूमा तो एकटा पुसायचा, तेल घालायचा. आन् पूजेला त्याचा पाना, त्याचा पेचकस कवा ठेवला न्हाय. बापाची कात्री असायची पाटावर, जिनं कवा सूत कापलं न्हाय. वाल्मीक दाराबाहेर उभा. मी सोळा वर्साचा होतो. बघायचो. बोललो न्हाय.

ललिता : तेव्हाही बोलला नाहीत.

भाऊ : तवाबी न्हाय. आज सकाळीबी न्हाय. म्हनून तर परवा वाटलं, निदान पोरीचा तरी ठेवू. जाता जाता.

ललिता : बाबांना पूजा नको होती, भाऊ. पूजा त्यांनी केव्हाच सोडली. नागपूरला जाताना गाडीत हेच बोलत होते, खंडेनवमीचा दिवस होता ना. म्हणाले, पाटावर पाना ठेवला नाही त्याचं काही नाही. पण शेठच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, पाहुण्यांनी विचारलं, सगळं खातं एवढं गुळगुळीत कोण चालवतं, तर शेठ म्हणायचे, देवाची कृपा. एकदाही म्हणाले नाहीत, वाल्मीक भालेराव चालवतो. तेवढं एक नाव त्यांना ऐकायचं होतं. ...भाऊ. आला.

भाऊ : काय आला?

ललिता : साठा आला. थांबा, आत बघू दे. शेवटची नोंद नवमीची, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. रॅक नंबर एकोणसाठ. सव्वीसशे बारा खोकी, सगळी जागच्या जागी. एक ओळही गेलेली नाही.

भाऊ : बारा खोकी जास्तीची हायेत म्हनजे.

ललिता : तुम्ही मघाशी सव्वीसशे सांगितलंत, ती चूक धरू का तुमची?

भाऊ : धर. आज धरायचाच दिस हाय. खिडकी उघड जरा. ओ उस्ताद, गाडी लगाओ, पहिला नंबर. दस मिनट में माल छूटेगा.

ललिता : फोन वाजतोय. विपुल सर.

विपुल : बारा झाले, ललिता. मी पेज उघडून बसलोय. डिलीट करू?

ललिता : नका करू. तिन्ही व्हॉल्यूम सर्व्हरला दिसतायत. साठा तपासून घेतला, डेटा पूर्ण आहे. पहिली गाडी लागतेय.

विपुल : हो? थांब, बघतो. अरे, खरंच की. मग काय होतं?

ललिता : डेटाची केबल दोन नंबरच्या पोर्टला होती. एकला हवी होती. तिथं पत्ताच नव्हता, म्हणून लिंक हिरवी आणि वाट बंद.

विपुल : ओके. म्हणजे केबलिंग एरर. पण केबल आपोआप तर नाही ना हलत. रिपोर्टमध्ये काय टाकू? साइटवर सुट्टीच्या आधी केबल चुकीची लावली गेली, असं टाकतो. नाव नको टाकायला, तुला पुढं त्रास नको. मी समजून घेतो.

ललिता : सर, तसं नाहीये ते. साफसफाईत—

भाऊ : फोन दे इकडं. दे बाय. हां, साहेब, भाऊ तरे बोलतोय. मघाशी तुम्ही विचारलं, पेटीला कोणी हात लावला का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. पेटी मी बंद केली, वायरी मी काढल्या आणि चुकीच्या मी लावल्या. ललिता तेव्हा गावातही नव्हती.

विपुल : अहो भाऊ, ठीक आहे, होतं असं. तुमचं आता मार्चला... राहू द्या. नाव न घालता लिहितो मी.

भाऊ : नाही. नाव घालूनच लिहा, मी सांगतो तसं. आणि एक नाही, दोन लिहा. बिघाड करणार, भाऊ नथू तरे. लिहिलंत?

विपुल : हां... लिहिलं.

भाऊ : आता खाली लिहा. बिघाड शोधून सर्व्हर चालू करणार, ललिता वाल्मीक भालेराव. पूर्ण नाव. वाल्मीक मध्ये आलं पाहिजे.

विपुल : रिपोर्टला मधलं नाव लागत नाही, भाऊ.

भाऊ : इथं लागतं. वाचून दाखवा.

विपुल : ललिता वाल्मीक भालेराव. बास?

भाऊ : बास. अशी एक प्रत छापून माझ्या टेबलावर पाठवा. रिटायर होताना ही एवढी एक नेणार मी घरी.

विपुल : पाठवतो. ललिता आहे का तिथं? ललिता, ते... मी डिलीट दाबणारच होतो. तू दोनदा सांगत होतीस वाट बंद आहे म्हणून. मी ऐकायला हवं होतं. चार्ज तुझ्याकडेच राहील, तसं वर कळवतो.

ललिता : हो, सर.

भाऊ : ठेवला. बाय, रडतेस का काय?

ललिता : नाही. टॉर्च मारलात ना डोळ्यांत.

भाऊ : टॉर्च मघाच बंद केला.

ललिता : भाऊ, पुढच्या खंडेनवमीला तुम्ही नसाल. पण इथल्या कोणाला पूजा करायची असेल तर करू दे. फक्त मला आदल्या दिवशी सांगायचं. पेटी मी बंद करीन, वायरींना नंबर लावीन, मग काय फुलं वाहायची ती वाहा. चालू पण मीच करणार.

भाऊ : तसं लिहून चिकटवतो कपाटावर. आन् संध्याकाळी येतो तुमच्या घरी, कामतघरला. वाल्मीकशी बोलायचंय. चाळीस वर्सांचं हाय. एका चहात व्हनार न्हाय.

ललिता : दोन करीन. या.

भाऊ : हा तुझा पेचकस राहिला. आन इकडं, कुंकू पुसून देतो. तुमच्यात चालत न्हाय, मला तवाच इचार करायला पायजे होता.

ललिता : राहू दे, भाऊ. कामानं जाईल.